सूर्यफुलं एवढ्यात उपटू नका

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीत सगळ्यांना अंगण आवरायची घाई होते. मला उलट आत्ताच बागेत बसावंसं वाटतं, कारण मी सूर्यफुलाचं बी मुद्दाम उशिरा, जुलैत टाकते, म्हणजे सप्टेंबर संपता संपता फुलं येतात आणि पहिला फ्रॉस्ट पडेपर्यंत टिकतात.

जात लावते लेमन क्वीन, फिकट पिवळी, एका झाडाला भरपूर फांद्या आणि भरपूर फुलं. ग्रेट सनफ्लॉवर प्रोजेक्ट म्हणून एक उपक्रम आहे, लोकांनी आपापल्या बागेतल्या मधमाश्या आणि त्यांच्यासारख्या इतर माश्या मोजायच्या, त्यात हीच जात लावायला सांगतात. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रेचेन लेबून यांनी तो २००८ मध्ये सुरू केला. काम सोपं आहे, फुलापाशी निदान पाच मिनिटं बसायचं आणि कोणत्या माश्या किती आल्या ते नोंदवायचं. सगळीकडे फूल एकच असलं की कॅलिफोर्नियातल्या आणि आमच्याकडच्या नोंदी शेजारी ठेवून बघता येतात. आणि एकही माशी नाही आली तरी शून्य लिहून पाठवायचंच! लोक नेमके तेच पाठवत नाहीत, पण माश्या कुठे कमी झाल्यात ते त्या शून्यावरूनच कळणार ना.

आपल्या लातूर-सोलापूरकडे सूर्यफूल म्हणजे तेलाचं पीक, पण हे झाड मूळचं इथलं, उत्तर अमेरिकेतलं. गंमत म्हणजे इथली पाळीव मधमाशी युरोपातून आणलेली आणि इथल्या मूळच्या माश्या वेगळ्याच, त्यांच्या हजारो जाती. माझी लाडकी म्हणजे लांब मिशांची मेलिसोडिस. तिचे नर रात्री फुलावरच झोपतात, सकाळी लवकर गेलं तर गारठून चिकटून बसलेले दिसतात, मुलांना खुशाल जवळून दाखवा, नर माश्यांना नांगी नसतेच. ऑक्टोबरात बंबलबी, म्हणजे जाड केसाळ माशी, तिच्या नव्या राण्याही येतात. त्यांची बाकीची वसाहत थंडीत मरते, फक्त या राण्या जमिनीत शिरून हिवाळा काढतात आणि वसंतात एकटीने नवं घर मांडतात, म्हणून आत्ता पोटभर खायला मिळणं त्यांच्यासाठी फार मोलाचं. त्यावेळी आजूबाजूला गोल्डनरॉड आणि अॅस्टर सोडले तर फारसं काही फुललेलं नसतं.

बी घेताना पाकीट नीट वाचा, पोलनलेस लिहिलं असेल तर ठेवून द्या, त्या जाती फुलदाणीसाठी केलेल्या, त्यात परागच नाहीत. फुलं सुकली तरी तोडू नका, गोल्डफिंच पक्षी बिया खायला येतात. आणि खोडं मुळापासून काढू नका, दीड-दोन फूट ठेवून वरचं कापा, काही जातींच्या माश्या पुढच्या वर्षी त्यांच्या आतल्या मऊ भेंडात अंडी घालतात. शेजाऱ्यांनी विचारलंच तर खरं कारण सांगा, आमच्या शेजारच्या आजींनी ऐकून यंदा त्यांचीही ठेवलीयेत.