तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबड्यांच्या आवाजाचं काय करता?

हा प्रश्न मला भाजीच्या गाड्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारला. विचारणारा हसत विचारतो, पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो: काढून का टाकत नाही? मीही आजवर "सवय होते हो" म्हणून हसत आले. आता माझं हसणं संपलंय, तेव्हा एकदा काय ते सांगून टाकते.

कोंबडा नाही. हे पहिलं. पहाटे बांग ऐकली म्हणणाऱ्यांनी दुसरीकडे चौकशी करावी. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळले, पोल्ट्रीवाले पक्षी फुकट वाटत सुटले. तेव्हा भाच्याने गावाकडून तलंगा आणून दिल्या. त्यातली एक कोंबडा निघाली. आम्ही त्याला डालग्याखाली झाकून पाहिला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. झाकलं म्हणून तो आरवायचाही राहत नाही, हे तेव्हा कळलं. जपानात नागोया विद्यापीठात २०१३ साली हे तपासून पाहिलं आहे. कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं, उजेड दिसो न दिसो, वेळ झाली की तो आरवतो. आमचा तर चारलाच सुरू व्हायचा. तो भाच्याकडे परत गेला. आणि हो, कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी घालतात. पिल्लं होत नाहीत, एवढंच. हेही दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच.

तर आवाज कोंबड्यांचा. अंडं घातल्यावर ठमी खोक्यातून बाहेर येते, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर चढते, मान लांब करते आणि सुरू करते. कॉक् कॉक् कॉक् कॉक् कॉकाऽऽक! पाच मिनिटं, कधी पंधरा. बाकीच्या तिघींनी अंडं घातलेलं नसलं तरी त्या साथ देतात. असं का करतात, याची कारणं दोन-तीन सांगतात: कळपापासून बाजूला पडलेली कोंबडी आपण कुठे आहोत ते कळवते, शत्रूचं लक्ष खोक्यावरून दुसरीकडे वळवते, कोंबड्याला हाक मारते. मला विचाराल तर ठमी नुसती मिरवते.

"मग वेळ ठरवून द्या ना," असं कॉलनीच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाले होते. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात. म्हणजे आज आठला घातलं तर उद्या नऊ, परवा त्याहून उशिरा, असं सरकत सरकत दुपार गाठायची आणि मग एक दिवस खाडा. यात मी वेळ कुठून ठरवून देऊ?

करता येतं ते केलं आहे. खुराडं शेजारच्या भिंतीपासून हलवून मागे जांभळाखाली नेलं. अंड्याची खोकी वाढवली, कारण अर्धी बोंब जागेवरून असते. तीन खोकी रिकामी असली तरी चौघींना चौथंच हवं असतं. खोक्यांना गोणपाटाचे पडदे लावले, अंधार असला की भांडण कमी होतं. थंडीत खुराडं उशिरा उघडते. उन्हाळ्यात तसं करत नाही, कारण कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा मुख्य इलाज, आणि सांगलीच्या मे महिन्यात बंद खुराडं म्हणजे भट्टी. दाणे हातून टाकायचं बंद करून डबा टांगला, कारण मी स्वयंपाकघराचं दार उघडलं की चौघी आरडाओरडा करत धावायच्या. ती सवय मीच लावली होती, मीच मोडली. बराचसा फरक पडला. बंद झाला का? नाही. होणारही नाही.

आणि सगळा आवाज सारखा नसतो, हेही एकदा सांगायचंच आहे. घार दिसली तर एक बारीक, लांबट स्वर निघतो आणि चौघी आहेत तिथे गोठतात. मुंगूस किंवा बोका आला तर मात्र मोठ्याने, तुटक, थांबायचं नाव नाही. मी आता आतल्या खोलीतून ओळखते, काठी घ्यायची की वर बघायचं.

आता थोडं भांडते. आमच्या कॉलनीत घंटागाडी गाणं लावून येते, भंगारवाला रेकॉर्ड केलेली आरोळी लावून फिरतो, गणपतीत डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि तीन बंगल्यांतली कुत्री रात्री एकला एकमेकांना उत्तरं देतात. त्यांना कुणी विचारत नाही, कुत्र्याच्या आवाजाचं काय करता. कुत्रं भुंकलं की राखण, कोंबडी ओरडली की "ही काय वाडी आहे का?" हे वाक्य मला गेटावर ऐकवलं गेलंय. आवाज किती आहे याचा तो प्रश्नच नव्हता. शिकून, नोकरी करून, कर्ज काढून लोक इथे राहायला आले ते शेणाच्या आणि खुराड्याच्या वासापासून दूर, आणि मी तो वास टाकीवर चढवून ओरडायला लावते, हा राग आहे. मला कळतो तो. मीही त्याच वाटेने आले आहे.

रागाच्या भरात मी नियमही काढले होते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. रात्री माझ्या कोंबड्या मेल्यासारख्या झोपतात, तेव्हा तिथे आम्ही शंभर नंबरी. दिवसाचं मुलाने मोबाइलवर भिंतीपाशी मोजलं. ठमीने साठ ओलांडले. ते आकडे सरासरीचे असतात, क्षणाचे नसतात, असं मुलगा म्हणाला. पण तो माझा मुलगा आहे.

हे सगळं मी मीटिंगमध्ये बोलले आहे, आणि बोलताना मला माहीत होतं की हे त्या एका घरासाठी नाही.

शेजारचे अण्णा. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा खाट आमच्या बाजूच्या खिडकीशी लावली, कारण वारं तिथेच येतं. बाकी कॉलनीला मी अंडी देऊन गप्प केलं होतं, खोटं कशाला बोलू. ज्यांच्या फ्रिजमध्ये माझी सहा अंडी आहेत त्यांच्या तक्रारीला धार राहत नाही. पण अण्णा माळकरी, त्या घरात अंडं शिवत नाही. वहिनी एकदाच आल्या, कुंपणापाशी. भांडायला नव्हे. म्हणाल्या, "त्यांना आत्ता कुठे डोळा लागतो, आणि..." पुढचं बोलल्या नाहीत. त्याआधी मी लोकांना ऐटीत सांगायची, "निसर्गाचा आवाज आहे, त्याचा कसला त्रास?" कूस बदलता न येणाऱ्या माणसाच्या डोक्याशी तो पंधरा मिनिटं चालला तर त्याचा काय निसर्ग? खुराडं जांभळाखाली गेलं ते त्या आठवड्यात. त्यानंतर अण्णांना कमी ऐकू जायचं की नाही, मला माहीत नाही. त्यांना बोलता येत नव्हतं आणि वहिनींना मी विचारलं नाही.

फाल्गुनात ते गेले. पहाटे पाचला हाक आली, मी अनवाणी धावले. त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला होता, तो येईपर्यंत थांबायचं होतं. अंगणात सतरंज्या अंथरल्या, माणसं जमत गेली. आत बायका. मी वहिनींच्या शेजारी, त्यांचा हात माझ्या हातात. भजन अजून सुरू झालं नव्हतं. मुलगा आला, बापाच्या पायावर डोकं ठेवून उठला, आणि मग घरात कुणीच काही बोलेना. आणि ठमीने सुरुवात केली.

मला तो पहिला कॉक् ऐकूनच कळलं की हा अंड्याचा आहे, आता पंधरा मिनिटं. उठावं की नाही? उठले तर कोंबड्या कुणाच्या ते सगळ्यांना कळेल. कळलेलंच होतं. वहिनींनी हात सोडला नव्हता. मी सोडवून घेतला. बायकांच्या मांड्यांमधून, चपलांच्या ढिगावरून, अंगणातल्या पुरुषांसमोरून मी आमच्या मागच्या बाजूला गेले. खुराडं उघडं होतं. यांनी रोजच्यासारखं सातला उघडलं होतं. मी त्यांच्यावर ढकलत नाही. थोडं ढकलतेच.

डालगं घेऊन ठमीमागे धावले. ती टाकीवरून उतरून जांभळाखाली, तिथून जास्वंदीत. आता बाकीच्या तिघी घाबरून ओरडायला लागल्या, मुंगूस आल्यासारख्या. मगाशी एक ओरडत होती, आता चौघी, आणि मुंगूस मीच. भिंतीपलीकडे एक लहान मूल खुदकन हसलं. त्याला कुणीतरी गप्प केलं, ते गप्प करणं मला जास्त लागलं.

डालगं टाकलं आणि बाजरीच्या डब्यात हात घातला. एक मूठ टाकली. चार माना खाली गेल्या आणि आवाज चिरल्यासारखा थांबला. चोचीत दाणा असला की कोंबडी ओरडू शकत नाही, इतकं साधं. मूठ संपत आली की ठमी मान वर करायची, आणि मी पुढची मूठ टाकायची. पलीकडे टाळ सुरू झाले. मला जायचं होतं. टाकायचं थांबवलं तर ओरडतील, आणि त्यांना कोंडायचं म्हटलं तर पुन्हा धावाधाव. म्हणून मी टाकत राहिले. भिंतीवरून मला डोकी दिसली, तिरडीचा एक कोपरा दिसला, तुळशीची माळ दिसली. वीस वर्षं ज्यांच्या घरची साखर माझ्या डब्यात आणि माझी त्यांच्या डब्यात गेली, त्या अण्णांचं शेवटचं दर्शन मला झालं नाही.

खांदा द्यायला वळताना त्यांच्या मुलाने भिंतीवरून पाहिलं. त्याला दिसलं ते हे: बापाला नेत असताना शेजारची बाई कोंबड्यांना बाजरी टाकते आहे.

दहाव्याला त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. "मावशी, तेव्हासुद्धा तुम्ही दाणेच टाकत होतात?" मी "हो" म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? तुझ्या वडिलांना शांतपणे नेता यावं म्हणून टाकत होते, असं? ते उपकार दाखवल्यासारखं झालं असतं, आणि ज्या आवाजापासून मी त्यांना वाचवत होते तो आवाज माझाच होता. तो म्हणाला, "आता तरी काढा त्या." मी काही बोलले नाही.

काढल्या नाहीत. का, तर त्या मला आवडतात. एवढंच. ताजी अंडी, बागेला खत, गोचीड-वाळवी वेचतात, ही सगळी कारणं मी पाहुण्यांना सांगते. काढून टाकणं म्हणजे भाच्याकडे, आणि भाच्याकडे म्हणजे कुणाच्या तरी जत्रेच्या रश्शात, हेही खरं आहे, पण तेही कारण नव्हे. कधी कधी मनात येतं, त्या खिडकीशी आता कुणी झोपत नाही, म्हणजे खरी अडचण उरलीच नाही. हा विचार आला की माझी मलाच शरम वाटते, आणि तरी तो येतो. पहाटेच कोंडायला हव्या होत्या, असंही मन म्हणतं. पहाटे मला चपला आठवल्या नाहीत, कोंबड्या कुठून आठवणार, असं मी मनाला म्हणते. दोघींचंही खरं वाटतं.

वहिनी बोलतात माझ्याशी. डाळीचं पीठ आहे का विचारतात, डॉक्टरांकडे जाताना मला सोबत नेतात. कोंबड्यांविषयी बरं-वाईट काही म्हणत नाहीत. ठमी टाकीवर चढली की त्या कपडे वाळत घालायचं थांबवत नाहीत, इतकंच मी भिंतीवरून पाहिलं आहे. त्यातून काय समजायचं, ते तुम्ही सांगा.

पावसाळा सरला की आमच्या कोंबड्या पिसं गाळायला लागतात. दिवस आखडत आलेले असतात, अंगातलं सगळं बळ नव्या पिसांना लागतं, अंडी बंद होतात. अंडं नाही तर मिरवणं नाही. दिवाळीत चौघी उघड्याबोडक्या मानांनी कोपऱ्यात उभ्या असतात, दोन-दोन दिवस हूं का चूं नाही. वहिनींचा मुलगा दिवाळीला येतो. या वर्षी त्याला वाटेल, मावशीने ऐकलं एकदाचं. वाटू दे.