नारूचा पिच्छा पुरवणारा अध्यक्ष

अमेरिकेचे अध्यक्ष राहिलेल्या जिमी कार्टर यांच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं: अध्यक्ष म्हणून अपयशी, माजी अध्यक्ष म्हणून थोर. मला ही विभागणी पटत नाही. माणूसही एकच होता आणि कामाची रीतही एकच. आधी यंत्र उघडायचं, कुठला भाग कशासाठी आहे ते समजून घ्यायचं आणि मगच हात घालायचा. ही रीत काही ठिकाणी फळली, काही ठिकाणी नडली.

जन्म १ ऑक्टोबर १९२४, जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावात. वडिलांची भुईमुगाची शेती, आई लिलियन नर्स. (याच लिलियनबाई साठी उलटून गेल्यावर पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतर्फे भारतात आल्या आणि विक्रोळीला दवाखान्यात राबल्या.) १९४६ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडून कार्टर पाणबुड्यांवर गेले आणि पुढे नौदल अधिकारी हायमन रिकव्हर यांच्या अणुपाणबुडी प्रकल्पात दाखल झाले. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली. तिचे भाग सुटे करायला पाठवलेल्या अमेरिकी तुकडीचे प्रमुख होते २८ वर्षांचे कार्टर. किरणोत्सार इतका की आत एका वेळी दीडेक मिनिटच थांबता येई. म्हणून जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. कुणी कुठला बोल्ट कुठल्या पान्याने काढायचा याचा तिथे सराव व्हायचा, मग माणूस आत धावायचा आणि आपला बोल्ट सोडवून बाहेर यायचा. आत एक बोल्ट निघाला की प्रतिकृतीवरचाही तोच काढायचा, म्हणजे पुढच्याला नेमकी स्थिती कळे.

१९५३ मध्ये वडील वारले आणि नौदल सोडून ते शेतीकडे परतले. १९६२ मध्ये राज्य सिनेटची पहिलीच निवडणूक लढवली, तर एका काउंटीत (जिल्ह्यात) मतदारांपेक्षा मतपत्रिका जास्त निघाल्या, शिवाय कित्येक मतदारांनी म्हणे चक्क वर्णानुक्रमाने मतदान केलेलं. कार्टर कोर्टात गेले, पेटी उघडायला लावली आणि जागा मिळवली. पुढे त्यांच्या संस्थेने जगभरात शंभराहून अधिक निवडणुकांवर देखरेख केली. त्या कामाचं मूळ मला या पेटीत दिसतं.

१९७१ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर, १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष. पहिल्याच वर्षी त्यांनी धरणं-कालव्यांच्या प्रकल्पांचे हिशेब तपासले आणि न परवडणाऱ्यांचा निधी तोडायला निघाले. हिशेब बरोबर होता, पण प्रत्येक धरणामागे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कुणी ना कुणी सदस्य उभा होता आणि त्यांना आधी विश्वासात घेतलंच नव्हतं. स्वतःच्याच पक्षाशी तेव्हा जे बिनसलं ते पुरतं सावरलं नाही.

याउलट सप्टेंबर १९७८ मधली, कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या विश्रामस्थानी झालेली बोलणी. इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात समोरासमोर आले की भांडण वाढायचं, तेव्हा कार्टर यांनी दोघांना वेगवेगळं ठेवलं. एकच मसुदा घेऊन ते या केबिनमधून त्या केबिनमध्ये जात, हरकती टिपत आणि मजकूर पुन्हा लिहीत. असे २३ मसुदे झाले. इस्रायलच्या ताब्यातल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाबद्दलचा भाग तर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. तेरा दिवसांनी सह्या झाल्या आणि मार्च १९७९ मध्ये इजिप्त-इस्रायल शांतता करार झाला.

इराणने मात्र घात केला. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधला अमेरिकी दूतावास इराणी आंदोलकांच्या ताब्यात गेला आणि ५२ जण ४४४ दिवस अडकले. एप्रिल १९८० च्या सुटका मोहिमेत हेलिकॉप्टरं आठ आणि किमान गरज सहाची, म्हणजे राखीव दोनच. वाळवंटातल्या धुळीने आणि बिघाडांनी तीन बाद झाली. पाच उरली तेव्हा मोहीम रद्द झाली आणि परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ सैनिक गेले. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत निर्वाचक मतं रेगन यांना ४८९, कार्टर यांना ४९.

आता नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जंताचा रोग. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे काम. १९८२ मध्ये अटलांटात कार्टर सेंटर सुरू झालं आणि १९८६ मध्ये त्यांनी नारू निर्मूलन हाती घेतलं. तेव्हा आफ्रिका-आशियातल्या २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. लस नाही, औषध नाही, एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. तरीही हा रोग संपवता येईल, कारण त्याची साखळी तोडायला सोप्या जागा आहेत.

साखळी अशी: साठलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे जीव असतात. त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या. ते पाणी प्यायलं की सायक्लॉप्स जठरात मरतो, अळ्या आतड्यातून शरीरात शिरतात. वर्षभराने मीटरभर लांबीची मादी बहुधा पायावर फोड करून बाहेर येते. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि तिथेच ती लाखो अळ्या सोडते. जंत काढायचा तो काडीवर किंवा गॉजवर गुंडाळत, रोज थोडा थोडा. कित्येक आठवडे लागतात. घाईने ओढला तर तुटतो, आतला भाग सुजून पिकतो.

तोडण्याची पहिली जागा गाळणं. सुती कापड गाळाने तुंबतं, पाणी उतरत नाही आणि लोक ते वापरणं सोडतात. म्हणून एकेरी धाग्याचं बारीक विणीचं नायलॉन लागलं, जे ड्यूपॉन्ट आणि प्रिसिजन फॅब्रिक्सने देणगी म्हणून पुरवलं. कापडाची वरची बाजू रोज वरच राहिली पाहिजे. उलटं लावलं तर अडकलेले सायक्लॉप्स थेट घागरीत. भोक पडलं तर कापड बदलायचं. गुरं राखायला गेलेल्यांसाठी गळ्यात अडकवायची गाळणी असलेली नळी आली, कारण घरी गाळणारा माणूस रानात तसंच पाणी पितो.

दुसरी जागा तळं. त्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारं औषध टाकायचं, लिटरला १ मिलिग्रॅम, साधारण २८ दिवसांनी पुन्हा. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, सरासरी १ मीटर खोल तळ्यात २ लाख लिटर पाणी, म्हणजे २०० ग्रॅम सक्रिय घटक. चूक होते ती खोलीत. काठावरून अंदाज बांधला की आकडा फसतो, कमी मात्रेत सायक्लॉप्स वाचतात. तळ्यात उतरून ठिकठिकाणी खोली मोजावीच लागते. वाहत्या पाण्यात हे औषध टिकत नाही.

तिसरी जागा रुग्ण. जंत दिसल्यापासून २४ तासांत तो सापडला पाहिजे, जखम बांधली पाहिजे आणि त्याने पाण्यात पाय घालता कामा नये. यातली मोठी अडचण वेळेची आहे: आज एक रुग्ण निसटला तर त्याचा परिणाम वर्षाने दिसतो, तोवर गावाला वाटतं रोग गेला.

कार्टर यांनी यात अध्यक्षपदाची पुण्याई वापरली. आरोग्यमंत्र्यांना आकडे मागितले, कंपन्यांकडून कापड आणि औषध फुकट मिळवलं. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी घडवून आणलेला युद्धविराम जवळजवळ सहा महिने टिकला आणि तेवढ्यात आरोग्यसेवक एरवी बंद असलेल्या गावांत पोचले. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला, २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. २००२ चं शांततेचं नोबेल कार्टर यांना मिळालं. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, असं ते म्हणत. २९ डिसेंबर २०२४ ला शंभराव्या वर्षी ते गेले, त्या वर्षी जगात नारूचे १५ रुग्ण होते.

उरलेलं काम किचकट आहे. २०१२ पासून चाडमध्ये कुत्र्यांत नारू सापडू लागला. टाकून दिलेली माशांची आतडी खाऊन त्यांना लागण होत असावी. म्हणून आतडी पुरायची, कुत्रे बांधून ठेवायचे आणि लागण कळवणाऱ्याला रोख बक्षीस द्यायचं. देशाला नारूमुक्तीच्या प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षं शून्य लागण लागते, त्यात जनावरंही धरली जातात. ते मिळायचं बाकी असलेले देश सहा: अंगोला, चाड, इथिओपिया, माली, सुदान आणि दक्षिण सुदान.