तुम्ही विचारलंत म्हणून: पिंजऱ्याच्या वासावर काय फवारायचं?

जून लागला की हा प्रश्न ठरलेला. अलिबाग असो, रत्नागिरी असो की मालवण, कपडे वाळत नाहीत, गाद्या कुबट येतात आणि त्यात हॉलमध्ये हॅमस्टर नाहीतर बजी असतो. (बजी म्हणजे छोटा पोपट; त्याला आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणतात, ते असो.) काय फवारायचं? काहीच नाही.

दोघेही कोरड्या मुलखातले. पाळीव सोनेरी हॅमस्टर १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ सापडलेल्या एका पिल्लावळीचे वंशज, तर बजी ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला. कोकणातल्या पावसात तळाचं अंथरूण सुकत नाही, जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, तोच हा नाकात झोंबणारा वास. उभ्या माणसाला तो आला, म्हणजे तळाशी झोपणाऱ्या हॅमस्टरला केव्हाच त्रास सुरू झालेला असतो. फ्रेशनर मारून अमोनिया जात नाही, त्यात सुगंधी रसायनांची भर पडते. बजीचं आणखी नाजूक: श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा त्याच्या फुप्फुसातून ताजी हवा वाहते. जीव जेमतेम ३०–४० ग्रॅमचा.

तेव्हा ओल काढा. हॅमस्टर बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तिथलं ओलं अंथरूण रोज काढा. पूर्ण बदलताना मात्र जुन्यातलं कोरडं, साधारण एक तृतीयांश, परत घाला. स्वतःचा वास गेला की तो बावचळतो. अंथरुणाला बिनछपाईच्या कागदाच्या पट्ट्या बऱ्या. वखारीतला भुसा नको, त्यात धूळ असते आणि कुठलं लाकूड ते कळत नाही. पेंढ्याला पावसात बुरशी धरते.

तळाच्या प्लॅस्टिक ट्रेवर लघवीचा पांढरा थर बसला असेल तर प्राणी दुसऱ्या खोलीत न्या. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घालून १०–१५ मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, दोनदा साध्या पाण्याने धुवा आणि पंख्याखाली खडखडीत वाळवा. जस्ताच्या मुलाम्याच्या जाळीला व्हिनेगर लावू नका, आम्लात जस्त विरघळतं. खाऱ्या हवेनेही त्या जाळीवर पांढरी भुकटी येते. पक्षी तार चोचीने कुरतडतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते, म्हणून भुकटी दिसली की पिंजरा बदला. लघवीवर ब्लीच तर कधीच नको, क्लोरामाइन वायू तयार होतो.

पिंजरा खिडकीच्या थेट झोतात नको, पण खोलीत हवा खेळती हवी. कपाटातल्या डांबरगोळ्या, फिनेल, कॉइल, निलगिरी तेल त्याच खोलीत नकोत. ‘नैसर्गिक’ म्हणून कापूर चालतो, असंही नाही. गणपतीत आरतीआधी पिंजरा आतल्या खोलीत हलवा, धूप-ऊद पूर्ण विरल्यावरच परत आणा. सुकट भाजल्याचा वास घालवायला पाहुण्यांआधी स्प्रे मारायची सवय असेल, तर त्याऐवजी एक्झॉस्ट लावा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो.

श्वासाबरोबर पक्ष्याची शेपूट खालीवर होत असेल, चोच उघडी असेल, किंवा हॅमस्टरच्या श्वासात कटकट आवाज येत असेल, तर त्याला लगेच मोकळ्या हवेच्या खोलीत न्या. व्हिक्सची वाफ देऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून पक्षी, उंदीरवर्गीय प्राणी बघतात का ते विचारा. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गुरंच येतात.