तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ७६० की नवी ७६००?

पेनसिल्व्हेनियात राहून शिकारीचा परवाना काढलेले मराठी मित्र आता बरेच आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणी ना कुणी दर हिवाळ्याआधी हा प्रश्न विचारतंच: रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीची पंप रायफल (नळीखालचं लाकूड हाताने मागेपुढे करून पुढची गोळी भरायची ती) घ्यायची आहे, तर जुनी ७६० बघू की नंतरची ७६००? फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

आधी पंपच का, ते सांगतो. या राज्यात सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलने हरणाची शिकार करता येत नाही. दुसरी गोळी झटकन हवी, पण कायदाही पाळायचा, तर पंप हा सरळ मार्ग. शिवाय इथल्या कित्येक घरांत रेमिंग्टनची ८७० शॉटगन असतेच. तिची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका) जिथे, तिथेच हिची. हाताची हालचालही तीच. डावखुऱ्या माणसाला तर उजव्या हाताने दांडी उचलून ओढायच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीशी झगडण्यापेक्षा पंप कधीही बरा. व्हरमाँटचे लॅरी बेनवा बर्फातल्या खुरांचा माग काढत हरणापर्यंत पोहोचायचे. त्यांच्या हातात ७६० ची आखूड कार्बाइन असायची, आणि त्यामुळे उत्तरेच्या जंगलांत या बंदुकीचं नाव झालं.

७६० बाजारात आली १९५२ साली. तिच्या आधी १९१२ ची मॉडेल १४ आणि नंतरची १४१ होती. त्यांत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसायची. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (जिच्यावर ठोका बसला की बार उडतो) टेकू नये म्हणून ती ट्यूब पिळदार केली होती. फार हुशार काम. ७६० मध्ये सुटं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची काढता येणारी पेटी, आलं आणि ती अडचणच संपली. त्यामुळे .३०-०६ सारखी जोरदार काडतुसं पंप रायफलीत सहज चालू लागली. १९८१ पर्यंत दहा लाखांहून जास्त ७६० विकल्या गेल्या, आणि त्याच वर्षी ७६०० आली.

दोघींतला खरा यांत्रिक फरक बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, डोक्यात आहे. ७६० च्या बोल्टवर बरणीच्या झाकणासारखे, मधे मधे तोडलेले बारीक आटे आहेत. पंप पुढे ढकलला की बोल्टचं डोकं फिरतं आणि ते आटे अडकतात. ७६०० मध्ये त्याऐवजी चार मोठे दात आहेत. नवी रचना मजबूत, म्हणून नवीच घ्या, असं दुकानदार सांगतात. मला हा मुद्दा शिकाऱ्याच्या कामाचा वाटत नाही. जुन्या बोल्टची जी बदनामी आहे ती खरं तर ७६० च्या सेमी-ऑटोमॅटिक बहिणीची, ७४२ ची. तिथे बोल्ट वायूच्या जोराने मागेपुढे आपटतो आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याच्या) आतल्या पट्ट्या खरवडून निघतात. पंप चालवतो आपला हात, तो इतका क्रूर नसतो. म्हणून पन्नासच्या दशकातल्या ७६० आजही जंगलात बिनतक्रार चालताना दिसतात.

पुढचं लाकूड हलवलं की खडखडतं, आणि ‘बंदूक सैल झाली’ म्हणून लोक घाबरतात. दोन्ही मॉडेलांत ते तसंच असतं. त्यावर वेळ घालवू नका.

वेळ घालवा तो चेंबरवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीवर. वर्षं कितीही असोत, या बंदुकीचं आयुष्य तिथे ठरतं. बोल्ट-ॲक्शनमध्ये दांडी उचलताना अडकलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) सोडवायला तरफेचा जोर मिळतो. पंपमध्ये तो जवळजवळ नाही. चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे असतील तर गोळी सुटल्यावर पितळ तिथे घट्ट धरतं आणि ऐन वेळी पंप मागे येत नाही. खड्डे पडतात ते साफसफाईच्या पद्धतीमुळे. रिसीव्हर मागून बंद असल्याने सळई मागून घालता येत नाही. लोक ती तोंडाकडून घालतात, सगळी घाण चेंबरमध्ये ढकलतात आणि बंदूक कपाटात ठेवून देतात. वर नळीच्या तोंडाची कडाही सळईने झिजते ती वेगळीच. साफसफाईची दोरी मिळते, ती चेंबरकडून आत सोडून पुढे ओढा आणि चेंबर वेगळ्या ब्रशने पुसा.

म्हणून विकत घेताना मॅगझिन काढा, पंप मागे ओढा, बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग बारीक टॉर्च मारून चेंबरची भिंत बघा. आरशासारखी हवी. करडे ठिपके दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी परत ठेवा. दुकानदार तयार असेल तर रेंजवर चार गोळ्या झाडून पुंगळ्या हातात घ्या, त्यांच्या अंगावर ओरखडे नकोत.

दिसण्याबाबत माझा कल उघड आहे. जुन्या ७६० चं गडद निळं पॉलिश आणि आडव्या खाचांचं पुढचं लाकूड हातात घेतलं की सोडवत नाही. ७६०० च्या शेवटच्या काळात मॅट रंग आणि सिंथेटिक दस्ते आले. पावसात आणि ओल्या बर्फात ते सोयीचे, हे मान्यच. स्कोप लावणार असाल तर आणखी एक बघा: जुन्या बंदुकीचा दस्ता उघड्या साइटसाठी खाली उतरलेला असू शकतो, गाल टेकतच नाही. काही जुन्यांवर स्कोपची भोकं कुणीतरी घरी पाडलेली असतात, ती एका रेषेत आहेत का ते तपासा.

सुट्या भागांचं काय, असंही विचारता. रेमिंग्टनचा न्यूयॉर्कमधल्या इलियन गावचा कारखाना १८२८ पासून तिथे होता, तो २०२४ मध्ये बंद झाला. सुदैवाने काडतुसाचा प्रकार एकच असेल तर तेच मॅगझिन ७६० आणि ७६०० दोघींना चालतं, त्यामुळे जुनी घेतली म्हणून अडून बसायची वेळ येत नाही. मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले नाहीत ना, ते बघा, आणि बंदुकीबरोबरच एक जास्तीचं घेऊन ठेवा.

दोन्ही समोर असतील, दोघींचे चेंबर स्वच्छ असतील, तर मी साठच्या दशकातली .३०-०६ ची ७६० उचलेन. त्या काडतुसाच्या गोळ्या इथल्या गावच्या लहान दुकानातही मिळतात. .३५ रेमिंग्टनची जुनी ७६० दिसली तर मोह होईल, दाट झाडीत ते काडतूस उत्तम आहे, पण हंगामाच्या आदल्या आठवड्यात त्याचा डबा शोधत फिरावं लागतं. पहिलीच रायफल घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.