लोंबी खाली बघूक व्हयी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी 3 वाजता आमचं महिला मंडळ सोसायटीच्या हॉलमध्ये तोरणं करायला बसतं. डोंबिवलीत मंडळांना तोटा नाही, पण हळदीकुंकू, मंगळागौर आणि सहल यांपलीकडे जाणारी थोडीच, असं मी चिटणीस म्हणून जरा तोऱ्यातच सांगते. दीपप्रज्वलन, स्वागत, अध्यक्षांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात) उरकले की सतरंजीवर झेंडूचा ढीग ओततात आणि मागे पेंगणाऱ्या बायका जाग्या होतात.

दार 3 फुटांचं असेल तर दोरा 4 फूट घ्यायचा. मधे थोडा झोळ हवा आणि खिळ्याला गुंडाळायला दोन्ही टोकं मोकळी हवीत. झेंडू देठाकडून ओवायचा. तोंडाकडून दाभण घातलं की पाकळ्या विस्कटतात. आंब्याचं पान कोवळं असलं तर संध्याकाळपर्यंत मान टाकतं, फार जून असलं तर दुमडताना शीर कडकन मोडते. नवीन लग्न होऊन आलेल्या मुली आधी हसतात, आणि तासाभराने त्यांच्याच बोटांची नखं पिवळी झालेली असतात.

तोरणं अर्धी झाली की सी विंगमधल्या मालवणी आजी बोलतात. त्यांना माईक लागत नाही. बोलता बोलता त्या नवं, म्हणजे नव्या पिकाची जुडी, बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचं फूल, एखादा झेंडू, आणि वरून दोऱ्याचे दोन वेढे. आमच्यापैकी कुणी बांधलं की हातातून काढून घेतात. "लोंबी खाली बघूक व्हयी गो. भरलेली लोंबी मान वर करणा नाय."

मग नवं कुठे कुठे बांधायचं ते सांगतात. दार, देव्हारा, तुळस, नांगर, भात मोजायची पायली. एकेक नाव घेतात आणि एकेक नवं समोरच्या ताटात ठेवतात. विहिरीपाशी येऊन मात्र थांबतात. त्यांच्या सासरची विहीर बुजवून किती वर्षं झाली. तरी तिच्या वाट्याचं नवं त्या बांधतातच, आणि घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरला अडकवतात. मी 14 वर्षं हे ऐकतेय आणि दर वर्षी इथे मला चष्मा काढावा लागतो. हिला झेंडूची ॲलर्जी आहे, असं शेजारणी सांगत असतात.

2020 साली सगळ्या आपापल्या घरी बसून व्हिडिओ कॉलवर होतो. नेमकं विहिरीपाशी नेटवर्क गेलं.

2025 ला दसरा 2 ऑक्टोबरला आला, म्हणजे आदला दिवस बुधवार. 62 सभासदांपैकी ओवायला किती? 19. खंडेनवमी होती, घरोघरी पूजा होती, कुणाला रजा नव्हती, सगळं कबूल. पण 6 वाजता बटाटेवडे आले तेव्हा मी 41 माणसं मोजली. "माझ्या दारापुरतं एक द्या हो" म्हणणाऱ्यांत बारा महिने प्लास्टिकचं तोरण लावणाऱ्याही होत्या. नावं लिहीत नाही. त्यांना कळलं असेलच.

आभार मात्र नीट मानायचे आहेत, मागच्या वर्षी दोघी रुसल्या होत्या. पहाटे कल्याणच्या बाजार समितीतून झेंडू आणणारे अध्यक्षांचे यजमान आणि त्यांचा रिक्षावाला, स्टेशनबाहेर बसणाऱ्या मुरबाडकडच्या मावशी, ज्या आमच्यासाठी लोंब्या बाजूला काढून ठेवतात, नाचणीची कणसं गावाहून एसटीने पाठवणारा आजींचा पुतण्या, डहाळे उतरवून देणारा बी विंगचा नववीतला मुलगा (आईला न सांगता झाडावर चढला होता, हे आता तिला कळेल), वडे तळणाऱ्या तिघी जावा, चहावाल्या वहिनी, 8 दाभणं देऊन 8 मोजून परत नेणारे शिंपीकाका, हॉलचं भाडं न घेणारी सोसायटीची कमिटी, जरी पंख्याचे पैसे घेतले तरी, आणि माझी सून, जिने सगळ्या दोऱ्यांना आधीच गाठी मारून ठेवल्या होत्या.

यादी दोनदा वाचून मी अध्यक्षांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला. रात्री 10 वाजता एकट्याने हॉल झाडून, सतरंज्या घडी करून ठेवणारे वॉचमनदादा राहिले होते.