छत्तीस बुश आणि अडकलेलं बिल

मार्च 2024. चाकणच्या एका गिऱ्हाईकाने आमच्या 400 बुशांपैकी (शाफ्टवर बसणाऱ्या आखूड नळ्या) 36 नग ‘बोअर लहान’, म्हणजे आतलं भोक लहान, म्हणून बाजूला काढले होते, आणि बिल मात्र पूर्ण 400 चं अडकवलं होतं. परचेसचे साहेब फोनवर नुसते ओरडायचे. असं प्रकरण फोनवर सुटत नाही. भोसरीहून उठलो, सोबत 25 एच7 चा प्लग गेज (भोक मापात आहे का ते तपासायची दांडी) आणि त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट घेतलं.

पहिली दहा मिनिटं ते बोलले, मी वहीत टिपत राहिलो. मध्येच तोडलं की असा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. थांबले तेव्हा एवढंच म्हणालो, “साहेब, ते 36 नग बघायला मिळतील का?” ‘तुमच्या क्यूसीचं (माल तपासणाऱ्यांचं) चुकलंय’ हे ओठांवर आलं होतं. बोललो असतो तर इन्स्पेक्टरही हटून बसला असता.

टेबलावर होता व्हर्नियर. बोअर हवा 25.000 ते 25.021 मिमी, म्हणजे सगळी मोकळीक 21 मायक्रॉनची. व्हर्नियरचं एक घरच 20 मायक्रॉनचं! काही न बोलता गेज इन्स्पेक्टरच्याच हातात दिला. ‘गो’ बाजू, म्हणजे मापातल्या भोकात जायलाच हवी ती, अर्ध्यात अडकली. टॉर्च मारला तर तेलाच्या भोकाच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची उरलेली धार. ती काढली, बोअर पुसला, गेज सरळ आत गेला. असे 29 सुटले. उरलेले 7 खरंच लहान होते. ते तिथेच मान्य केले, आणि बर राहिली हीही आमचीच चूक म्हणालो. साहेबांचा आवाज तिथे उतरला.

‘पैसे कधी’ हे विचारलंच नाही. 393 नगांची जीआरएन (माल मिळाल्याची पावती) आणि 7 नगांची डेबिट नोट (तेवढे पैसे कापल्याची नोंद), दोन्ही आजच हवीत, एवढंच मागितलं.

कायदा साहेबांपुढे काढला नाही. तिथे तो धमकीसारखा लागतो. तो अकाउंट्समध्ये काढायचा. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नव्हती, नुसते फोन. त्यामुळे लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस, आणि पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) काहीही छापलेलं असो, उधारी 45 दिवसांच्या वर नाही. आमचं उद्यम प्रमाणपत्र (सरकारी उद्योग नोंदणी) ‘सूक्ष्म’ उद्योगाचं. मुदत उलटूनही 31 मार्चला पैसे बाकी राहिले, तर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या 43बी(एच) कलमाखाली त्यांना तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नव्हता. कलम त्याच वर्षी लागू झालेलं. अकाउंट्सच्या मॅडमनी अशा बिलांची यादीच काढून ठेवली होती.

संध्याकाळी चार ओळींचा मेल टाकला: नग, कारण, रक्कम, तारीख. एकही विशेषण नाही.

28 तारखेला पैसे जमा झाले. पुढच्या पीओच्या ड्रॉइंगवर तेलाच्या भोकापाशी ‘बर नको’ अशी टीप आली. फोनवर साहेब अजून ओरडतातच.