डाव्या हाताची ओळ

कागदावरचे ब्रेल वाचताना माझे दोन्ही हात कामात असतात. उजवा हात ओळीचा शेवट गाठत असतो, तेवढ्यात डावा पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन पोहोचतो आणि पुष्कळदा तिथला पहिला शब्द वाचूनही मोकळा होतो. ई-पुस्तके मात्र मी ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे टिंबे वर-खाली करून मजकूर उमटवणाऱ्या यंत्रावर वाचतो. माझा डिस्प्ले २० घरांचा (घर म्हणजे एका ब्रेल चिन्हाची जागा) आणि एकाच ओळीचा आहे; तिथे डाव्या हाताला जायला दुसरी ओळच नसते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र घर लागते आणि जोडाक्षरातल्या मोडक्या व्यंजनाआधी हलन्ताचेही घर येते. त्यामुळे ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द ११ घरे अडवतो आणि दर दोन-तीन शब्दांनी पुढचा मजकूर आणायला बटण दाबावे लागते.

डिस्प्ले इतकी वर्षे एका ओळीचेच का राहिले, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. प्रत्येक टिंब वर उचलण्यासाठी विजेच्या दाबाने वाकणारी स्फटिकाची लांबट पट्टी लागते. या पट्ट्या घरांच्या मागे आडव्या पसरलेल्या असल्याने, ब्रेलच्या दोन ओळींत असते तेवढ्या, म्हणजे साधारण एका सेंटीमीटरच्या अंतरावर दुसरी ओळ बसवायला जागाच उरत नाही.

ब्रिस्टलमध्ये तयार झालेल्या कॅन्यूट ३६० या यंत्राने या पट्ट्या टाळून वेगळी यांत्रिक रचना वापरली आणि ४० घरांच्या ९ ओळी एकत्र दिल्या. पान उलटल्यावर त्याच्या ओळी वरून खाली एकेक करून बदलतात. हा संथपणा काहींना खटकतो. मला तो दोष वाटत नाही, कारण वरची ओळ वाचून होईपर्यंत खालची तयार होत असते आणि पुस्तक वाचणाऱ्याला तेवढे पुरते. मोनार्क या यंत्रात ३२ घरांच्या १० ओळी आहेत आणि त्याच टिंबांतून आलेख व आकृत्याही उमटतात. भूमितीतला त्रिकोण केवळ वर्णनावरून समजून घेतलेल्या माझ्यासारख्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मला स्वतःला ओढ आहे ती कवितेची. एका ओळीच्या डिस्प्लेवर अभंगाचे चार चरण सलग गद्यासारखे सरकत जातात. कुठला चरण आखूड आणि यमक कुठे जुळले, हे बोटांना कळण्याआधीच ओळ पुसली जाते. चारही चरण एकाखाली एक असले, तर उजवा हात यमकावर ठेवून डाव्याने मागचा चरण पुन्हा चाचपता येतो. या यंत्रांची किंमत आज माझ्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून कवितासंग्रह मी अजून कागदावरच, जाडजूड खंडांमधून वाचतो.